मनकर्णाबाईच्या गिरणीवरला बोलका चष्मा

आमच्या गावात डोळस माणसं लई. खुलताबादच्या घाटाखाली दीडशे उंबरा, अन् सगळ्यांचे डोळे धडधाकट. पण पिठाची गिरणी चालवती मनकर्णाबाई, जिला काचबिंदूनं हातभर अंतरापलीकडं नुसतं धुकं दिसतं.

दाणा मुठीत धरला की जवारी का गहू, ती सांगती. डबा कुणाचा, हे मात्र दिसंना. मग डोळस मंडळींनी गुमान आपले डबे नंबरात पुढं सरकवले. काही बहाद्दर जवारीचा डबा ठेवायचे, जाताना गव्हाचा उचलायचे, अन् वरून बोंब, "म्हातारीनं घोळ केला!"

सगळ्यात मोठी बोंब तिच्या पुतण्याची, सुदर्शनची. "काकू, पट्ट्यात पदर जाईल एखाद्या दिवशी. किल्ली द्या, मी बघतो."

पदराची कसली काळजी, त्याला गिरणी पाहिजे होती. पंचांसमोर त्यानं ठरवूनच घेतलं: आणखी एक घोळ झाला की किल्ली सुदर्शनकडं.

तेवढ्यात संभाजीनगरच्या एका संस्थेची श्रेया बोलका चष्मा घेऊन आली. काडीवर इवलासा कॅमेरा. समोर लिहिलेलं वाचून दाखवतो. तमाशा बघायला गाव जमलं. मनकर्णाबाईनं चष्मा चढवून डब्यांकडं तोंड केलं.

"भिंतीचा रंग. वीस लिटर," चष्मा बोलला. दुसऱ्या डब्याला, "भिंतीचा रंग." तिसऱ्यालाही तेच. आता अख्ख्या गावाचं दळण रंगाच्या रिकाम्या बादल्यांतनं येतं, त्याला यंत्र तरी काय करणार?

सुदर्शन पोट धरून हसला. "काकू, भाकरी नको, भिंती रंगवा आता!"

मनकर्णाबाईनं त्याच्याकडं पाठ केली. "पोरी, हातानं लिहिलेलं वाचतो का ह्यो?"

"ठळक असलं तर वाचतो, मावशी."

"मग ऐका रे. छापील अक्षरावर चुना फासा, वर काळ्या रंगानं नाव लिहा. नाव नाय, तर दळण नाय."

लोक लई फणफणले. बारावी झालेले बाप्ये बायकांकडून नाव लिहून घेऊन आले. दुसऱ्या दिवशी चष्मा नावं वाचत गेला अन् बाई नंबर ध्यानात ठेवत गेली.

"काय रं फकिरा, सकाळी चौथा होतास, आता पहिला. डबा चालत आला व्हय?"

महिना गेला, घोळ एक नाय. किल्लीचा विषय पंचांनीच गिळला. सुदर्शन तेवढा कोऱ्या डब्यानं आला.

"माझ्या डब्यावर नाव कशाला, काकू? मी तर घरचा."

"मग घरीच दळ," मनकर्णाबाई म्हणाली, अन् मागचा डबा पुढं ओढला.