निळ्या ठिपक्याचा डबा

आमच्या बसवकल्याणात समतेवर बोलायला कुणी हवं असलं की आयोजक सगळ्यात आधी माझं दार वाजवतात. मी निवृत्त प्राध्यापक. घरात मिळालेल्या शाली ठेवायला जागा उरलेली नाही, आणि बोलायला उभा राहिलो की मला खाली बसवायचं काम शेवटी माईकवाल्याला करावं लागतं. एका पंगतीला जेवल्याशिवाय समता येत नाही, हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की टाळ्या वाक्य संपायच्या आधीच सुरू होतात. सहभोजनाच्या कार्यक्रमात मी पहिल्या रांगेत असतो. फोटोत माझा घास ओठांपर्यंत आलेला असतो. तो पुढे आत गेला की नाही, हे फोटोत दिसत नाही.

मागच्या दिवाळीनंतर बायको न्हाणीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. कलबुर्गीला ऑपरेशन झालं, नीट झालं. घरी आणताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता सगळं यांच्या खाण्यावर आणि उठण्यावर आहे. नीट जेवल्या, वॉकर धरून रोज थोडं चालल्या, तर पुन्हा हिंडायला लागतील. पडून राहिल्या तर मग पडूनच राहतील. पुण्याहून मुलगी आली, रजा संपेपर्यंत राहिली आणि रडत परत गेली. जाताना मला कुकर लावायला शिकवून गेली.

मी कुकर लावायचो आणि शिट्टी व्हायची वेळ आली की हॉलमध्ये जाऊन उभा राहायचो. माझी खिचडी कधी पातळ आमटीसारखी व्हायची, कधी चमच्यानं कापून घ्यावी लागायची. बायको दोन घास खायची आणि 'भूक न्हाई' म्हणायची. मी तिला प्रथिनांचं महत्त्व समजावून सांगायचो. ती भिंतीकडे तोंड करायची.

आमच्या गल्लीच्या मागे चर्च आहे. तिथल्या बायका पाळीपाळीनं स्वयंपाक करतात आणि सरकारी दवाखान्यातल्या, जवळ कुणी नसलेल्या पेशंटांना, घरात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना डबे पोचवतात. डबे इकडेतिकडे होऊ नयेत म्हणून प्रत्येकाच्या झाकणावर निळ्या ऑइलपेंटचा मोठा ठिपका काढलेला असतो. गावात कुणाच्या कट्ट्यावर निळ्या ठिपक्याचा डबा दिसला की त्या घरावर काय वेळ आलीय हे कुणाला विचारावं लागत नाही. या कामाची पुढारीण म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेली एक नर्स. सगळं गाव तिला अक्का म्हणतं, मीही म्हणतो. एका सभेत तिच्या कार्याचा मी गौरवपूर्ण उल्लेखही केला होता.

एके सकाळी ही अक्का आमच्या दारात उभी. हातात डबा. झाकणावर निळा ठिपका.

"सर, वैनी पडल्या म्हणं. सांगावं तर न्हाई का एका शब्दानं?"

मी डबा घेतला. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. या डब्यात काल काय होतं, परवा काय होतं, असले प्रश्न समतेच्या व्याख्यात्याला पडू नयेत, पण पडले. अक्कानं ते माझ्या तोंडावर वाचलं असणार.

"नवा डबा हाय, सर. ह्यात दुसरं कायबी पडलेलं न्हाई. तुमच्यासाठी येगळाच ठिवलाय."

मला लाज वाटायला हवी होती. मला हायसं वाटलं.

बायको समतेवर आयुष्यात एक शब्द बोललेली नाही. तिनं झाकण काढलं, वास घेतला आणि म्हणाली, "अगं बाई, पुंडीची भाजी!" आमच्याकडे अंबाडीला पुंडी म्हणतात. तिनं त्या आंबट भाजीशी अख्खी भाकरी खाल्ली. पहिल्या दिवशी मी माझ्या खिचडीशी एकनिष्ठ राहिलो. दुसऱ्या दिवशी केवळ अभ्यास म्हणून एक घास घेतला. तिसऱ्या दिवशी शेंगाची चटणी जास्त कुणी घेतली यावरून आमचं भांडण झालं.

अक्का नुसता डबा देऊन जात नसे. बसायची. बायकोच्या डोक्याला तेल लावायची, वेणी घालायची, मग काखेत हात घालून तिला उभी करायची. "उठा वैनी, नवरीवानी लाजू नका." आतून दोघींचं हसणं ऐकू यायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायको एवढं मोठ्यानं हसते हे मला माहीत नव्हतं. ती वॉकर धरून खिडकीपर्यंत जायला लागली.

मी याच वेळी माझ्या मोठेपणाच्या मागे लागलो होतो. आपल्याकडे आलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं. बायको बरी असती तर तिनं काहीबाही करून घातलं असतं. मला तर फक्त कुकर येत होता. म्हणून मी डब्यात साखर भरून द्यायला लागलो. एवढी साखर गेली की घेतल्याचं ओझं राहत नाही, असं माझं गणित होतं. रोज डबा आला की रोज साखर. किराणावाला विचारायला लागला, घरात लग्न आहे का?

शेवटी अक्कानंच विचारलं, "सर, कामून रोज साखर भरायलाव? आमच्या घरात तिघांना शुगर हाय."

मग मी तूरडाळ भरायला लागलो. तिनं हसून नेली. दुसऱ्या दिवशी तीच डाळ शिजून, फोडणी देऊन आमच्याच घरी परत आली. या बाईला हरवणं अवघड होतं.

त्याहून अवघड होता तो ठिपका. संध्याकाळी आमचा निवृत्तांचा जथा फिरायला जाताना आमच्या कट्ट्यावरून जातो. त्यात माजी तहसीलदार आहेत, माजी मुख्याध्यापक आहेत. परत न्यायला कट्ट्यावर ठेवलेला डबा त्यांना दिसू नये म्हणून मी आधी तो पेपरात गुंडाळला. पेपरातला गोल डबा डब्यासारखाच दिसतो. मग एका दुपारी बायको झोपल्यावर मी भांडी घासायची तारेची घासणी आणि थोडं रॉकेल घेऊन बसलो आणि ठिपका पार खरवडून काढला. एवढं मन लावून मी कुठलंही भांडं कधी घासलेलं नाही. बायकोनं ते पाहिलं असतं तर तिला उठून बसायचं बळ आलं असतं.

अक्का झाकण बघून म्हणाली, "आगं माय, रंग निघाला की! लई जोरात घासायलाव सर तुमी." दुसऱ्या दिवशी डबा नवा ठिपका लावून आला. आधीपेक्षा मोठा होता आणि अजून पुरता वाळलाही नव्हता. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर त्याचा छाप उठला. तो सदरा घालून मी बँकेत जाऊन आलो तेव्हा कुठे मला कळलं.

त्याच संध्याकाळी माजी तहसीलदार फिरताना अगदी प्रेमानं म्हणाले, "काय सर, चर्चचा डबा चालू झाला म्हणे तुमच्याकडं? बरंय, बरंय. गरज सगळ्यांनाच पडते." त्यांच्या त्या 'बरंय'नं मला रात्रभर झोप लागू दिली नाही. निराधार म्हातारे, बेवारस पेशंट आणि प्राध्यापक साहेब, अशी एक रांग मला दिसायला लागली. त्या रांगेतल्या माणसांबद्दल मी किती कळवळून बोललो होतो! त्यांच्यात उभं राहायचं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी अक्का आली तेव्हा मी दारातच तिला गाठलं. आवाज व्याख्यानाचा काढला. तुमचे उपकार फार आहेत, पण आता आम्ही एक स्वयंपाकीण ठेवतोय, हा डबा आमच्यापेक्षा खऱ्या गरजवंताला जायला हवा, वगैरे. 'खऱ्या गरजवंताला' यावर मी जोरही दिला. "व्हय सर," अक्का म्हणाली, "वैनीला म्हणावं, जेवा नीट." आणि गेली.

स्वयंपाकीण खरंच आली, पण मी मिठाबद्दल सूचना द्यायला लागल्यावर चौथ्या दिवशी यायची थांबली. तोवर बायको जेवायची थांबलीच होती. आधी अर्धी भाकरी, मग दोन घास, मग नुसता चहा. वॉकरवर मी माझा टॉवेल वाळत घातला, त्यालाही ती काही बोलली नाही. मी खाणावळीतून पार्सल आणलं, हुमनाबादहून तिच्या आवडीची मिठाई आणवली. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "ठिवा तिकडं." केस विस्कटून जटा व्हायला लागल्या होत्या. मी फणी घेऊन बसलो तर ती कळवळली. फणी कुठून धरतात हेही मला येत नव्हतं.

"अक्का कामून येईना झालीय?" तिनं एकदा विचारलं.

मी म्हणालो, कामात असेल. ती म्हणाली, "तिच्याशी बोलताबोलता पोटात जायचं. घास कवा गिळला कळायचं न्हाई." एवढंच. रागावलीही नाही. रागावली असती तर मी भांडलो असतो. डॉक्टरांचं ते वाक्य, पडून राहिल्या तर पडूनच राहतील, मला तेव्हा पहिल्यांदा खरं वाटलं आणि मी घाबरलो.

रविवारी मी चर्चला गेलो. जाताना मनात भाषण तयार केलं. सर्वधर्मसमभावापासून सुरुवात, मग सेवाकार्याचं कौतुक, आणि शेवटी जाताजाता, कुणाला मागितल्यासारखं वाटणार नाही अशा बेतानं, आमच्या घरची परिस्थिती. चपला बाहेर काढून सगळ्यात मागे सतरंजीवर बसलो. गाणी कानडीत झाली, बायबलचं वचन मराठीत वाचलं. मग पाळकांनी, म्हणजे तिथल्या पाद्रींनी, विचारलं, कुणाला प्रार्थना पाहिजे? एका बाईनं मुलाच्या नोकरीसाठी सांगितलं. एकानं कोरड्या गेलेल्या बोअरसाठी. मी उभा राहिलो. सगळे वळून बघायला लागले. सवयीनं माझा हात माईक शोधायला पुढे गेला.

"माझी बायको जेवंना झालीय," मी म्हणालो.

पुढचं भाषण कुठे गेलं कुणास ठाऊक. व्यासपीठावरची माझी शुद्ध मराठीही सोबत गेली. मी तसाच उभा राहून रडायला लागलो, लहान पोरासारखा, नाक पुसायला रुमालही न काढता. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझा सदरा धरून मला खाली बसवलं आणि हात माझ्या पाठीवर ठेवून दिला. त्याला मी ओळखतही नव्हतो.

पाळकांनी प्रार्थना सुरू केली. मी एक डोळा उघडा ठेवला होता, सवय नाही ना. सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि अक्का पदर सावरत हळूच बाहेर चाललेली. मीही निघालो असतो, पण पाठीवरचा हात हलेना आणि पाळक थांबेनात. लांबण लावण्यात ते माझ्याहून सरस निघाले.

घरी पोचलो तर दार उघडं. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. अक्कानं या वेळी डबा आणलाच नव्हता. आमच्याच पिठात हात घातला होता, आमच्याच तव्यावर भाकरी टाकली होती. आमच्या त्या स्वयंपाकघरात ती तीन दिवसांची स्वयंपाकीण सोडली तर आईच्या काळापासून घराबाहेरच्या कुणी पाऊल ठेवलेलं नव्हतं.

"वैनी, परात कुठं हाय तुमची? मी ताटातच मळायले बगा," अक्का आतून ओरडली.

"ताटात?" बायको पलंगावरून म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात धार आली होती. "ताटात कुणी पीठ मळतंय का? वरच्या फळीवर हाय. न्हाई, ती न्हाई, ती पुरणाची. थांब, थांब जरा. अहो, बघत काय उभारलाव? तो टॉवेल काढा आधी!"

मी टॉवेल काढला. तिनं वॉकर धरला. मी हात द्यायला गेलो तर कोपरानं ढकलला. ओठ दातांत धरून, एकेक पाऊल टाकत ती हॉल ओलांडून स्वयंपाकघराच्या दारात पोचली, आणि दम लागलेल्या आवाजात पहिलं वाक्य बोलली ते असं, "गॅस बारीक कर, करपायली."

अक्कानं तिला खुर्चीत बसवलं आणि दोन ताटं वाढली. दुसरं कुणाचं ते मला आधी कळलंच नाही.

"बसा की सर," ती म्हणाली. "तुमीबी जेवला न्हाईत किती दिस झालं. गळ्याची हाडं वर आलीत."

मला कुणी हे विचारलेलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही. मी मांडी घालून खाली बसलो.

"डोळे मिटा," अक्का म्हणाली. "लगेच आटपते."

मी या वेळी दोन्ही डोळे मिटले. ती काय पुटपुटली ते मला नीट ऐकू आलं नाही, कारण शेजारी भाकरीचा तुकडा मोडल्याचा आवाज आला होता. डोळे उघडून पाहिलं तर बायकोचं तोंड भरलेलं होतं. 'आमेन'साठी ती थांबली नव्हती.