गाळलेली दोन अक्षरे

श्रीयुत त्रिंबकराव मानगांवकरांची आणि माझी ओळख खोकल्यामुळे झाली. मी तेव्हा गिरगावातल्या एका शाळेत मराठी शिकवीत असे. ठाकूरद्वाराजवळ त्यांचे औषधांचे दुकान. पुढे बाटल्या, मागे प्रयोगाची खोली. स्पिरिटचा आणि ओल्या सालींचा मिळून येणारा तिथला वास अजूनही कधी कधी, अंगणात एकटा बसलो की, नाकाशी येतो आणि ते सगळे दिवस उगाच जवळ येऊन उभे राहतात. माझा घसा पाहून त्रिंबकरावांनी विचारले, "वर्गात कविता मोठ्यानं म्हणता का?"

म्हटले, "म्हणतो. चालीवर."

"मग अडुळसा देतो. पण चाल जरा खाली घ्या, मास्तर. मुलं काही समुद्रापलीकडे बसलेली नाहीत."

ते रसायनशास्त्र शिकलेले. आपल्या वैद्यांच्या वनस्पतींत नेमके कोणते सत्त्व गुण देते, ते वेगळे काढावे, तोलावे, आणि किती दिले म्हणजे पुरे ते रोग्यांवर पाहून लिहून ठेवावे, हा त्यांचा ध्यास. त्यांनी हाती घेतले होते इंद्रजव, म्हणजे कुड्याचे बी. परळ-लालबागच्या चाळींतून पावसाळ्यात रक्ती आंवेने माणसे जात. त्यावर हे बी उत्तम, हे आजीबाईंनाही ठाऊक होते. किती आणि का, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

त्यांची एक रीत होती. कोणताही जिन्नस दुकानात आला की तराजूच्या आधी जिभेवर. मी एकदा हसलो, तेव्हा म्हणाले, "तराजू वजन सांगतो हो. खरं-खोटं जीभ सांगते." कारण कुडे दोन. पांढऱ्या कुड्याचे बी ते कडू इंद्रजव, औषध तेच. काळ्या कुड्याचे ते गोडे इंद्रजव. दिसायला दोन्ही जवासारखी लांबट, दोन्हींना केसांचा झुबका. गोडे खाल्ले तर अपाय नाही, आणि आंवेला उपायही नाही.

आता माझा भाग. परळच्या धर्मार्थ दवाखान्यात त्रिंबकरावांचे प्रयोग चालत. तिथल्या औषधे बनवणाऱ्या सखारामला नावे लक्षात राहत नसत. मी हौसेने म्हटले, श्लोक करून देतो. केला:

आंवेला जव इंद्राचे, खोकल्याला अडूळसा.

वृत्तात 'कडू' बसेना. दोन अक्षरे जास्त होत होती. मी ती गाळली. त्रिंबकरावांनी कागद वाचला, मान डोलावली आणि खिशात घातला. सखारामला श्लोक पाठ झाला. गिरगावातल्या पोरांनाही झाला. मी खूश.

तिसऱ्या पावसाळ्यात मोठी तुलना सुरू झाली: निम्म्या रोग्यांना त्रिंबकरावांनी काढलेले सत्त्व, निम्म्यांना साध्या बियांचा काढा. सत्त्वाच्या पुड्या आधीच बांधून ठेवल्या होत्या. काढ्याचे बी मात्र मध्येच संपले आणि नेमके तेव्हा त्रिंबकराव तापाने अंथरुणाला खिळले. सखाराम भायखळ्याच्या बाजारात गेला आणि श्लोकात होते तेच त्याने मागितले. इंद्रजव.

त्रिंबकराव बरे होऊन आले तो वही त्यांची वाट पाहत होती. सत्त्व घेतलेले बहुतेक उठले होते. काढा घेतलेले उठत नव्हते, आणि काही तर गेलेच होते. दवाखान्याच्या डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला. डॉक्टरांच्या सभेपुढे निबंध वाचायचे ठरले. एवढा स्वच्छ निकाल कोणाला मिळतो?

त्रिंबकराव वही पुनःपुन्हा चाळत राहिले. मी शेजारीच होतो. म्हणाले, "मास्तर, काढा इतका वाईट असूच शकत नाही. माझ्या आजीनं त्यावर अख्खं घर वाचवलंय." मग उठून त्यांनी फडताळातली काढ्याच्या बियांची बरणी उघडली आणि एक बी दाताखाली धरले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी दुसरे बी माझ्या तळहातावर ठेवले. मी चावले. कडू नव्हते.

सभेला ते गेले, पण निबंध वाचला नाही. उभे राहून म्हणाले, "तुलना खोटी आहे. काढ्याचं बी चुकीचं होतं. नाव अर्धं दिलं गेलं, आणि दोष माझा." एक विद्वान पुटपुटले, "देशी औषधांचं हे असंच." काही जण हसले. मी मागच्या बाकावर होतो. मला उठता आले असते.

परत येताना ट्राममध्ये मी म्हटले, "श्लोक माझा होता."

"वाचून पास कोणी केला?" त्यांनी विचारले. "आणि मास्तर, तुमच्या वर्गातल्या पोरांना तुमच्यावर भरवसा ठेवायचाय. माझ्या बाटल्यांना तशी गरज नाही." पुढे जेव्हा जेव्हा मी हा विषय काढला, तेव्हा त्यांनी तो बंद केला.

काढा घेऊन दगावलेल्यांच्या घरी ते एकेक करून जाऊन आले. लालबागच्या एका चाळीत मी बरोबर होतो. भिवा नावाचा गिरणीतला माणूस गेला होता. त्याची बायको चुलीपुढे बसली होती. त्रिंबकराव दाराशीच उभे राहून म्हणाले, "बाई, औषध चुकलं. आमच्याकडून चुकलं."

तिने वर पाहिले. चुलीतले लाकूड मागे ओढले. मग म्हणाली, "तरीच. येरवी औषद म्हनलं की तोंड फिरवायचा. ह्ये कडू न्हवतं, म्हून समदं प्यायला. मला म्हनला, वैद्य चांगला हाय."

त्रिंबकराव जिना उतरले ते कठड्याला धरून. चिंचपोकळीपर्यंत आम्ही चालत आलो.

त्या सभेने त्यांना पुन्हा कधी बोलावले नाही. 'बी न ओळखणारे रसायनशास्त्री' अशी त्यांची थट्टा झालेली मी ऐकली आहे. त्यांनी मात्र तुलना पहिल्यापासून पुन्हा केली, प्रत्येक पोते स्वतः चाखून. सत्त्व काढ्यापेक्षा सरस आहे, पण थोडेच. एवढेच निघाले, आणि तेवढेच त्यांनी लिहिले. ती वही आज तयार आहे. ऐकायला कोणी नाही.

गाठीच्या तापाच्या, म्हणजे प्लेगच्या, साली ते परळचा दवाखाना सोडून गेले नाहीत. तापाने त्यांनाही धरले. जीव वाचला, जिभेची चव गेली. हल्ली दर गुरुवारी मी दुकानात जातो. ते बी पुढे करतात आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहतात. "सांगा, मास्तर." मी सांगतो, "कडू." मग ते दुकानाच्या वहीत लिहितात. माझ्या शब्दावर इतका भरवसा का ठेवतात, हे विचारायचा धीर मला होत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. परवा त्यांच्या सत्कारानिमित्त निघणाऱ्या ग्रंथासाठी हा लेख लिहायला बसलो आणि तो श्लोक पुन्हा हाती घेतला. म्हातारपणी हात थरथरतो, पण वृत्त विसरत नाही. घटकाभरात ओळ जमली:

कडूच जव इंद्राचे, आंवेला हितकारक.

बसत होते. तेव्हाही बसले असते. मी शोधले नाही, एवढेच.

त्रिंबकराव हे छापलेले वाचून रागावतील. रागावोत. ज्या विद्वानांच्या हाती हा ग्रंथ पडेल, त्यांना माझी विनंती आहे: ती चूक या मास्तराची होती. त्रिंबकरावांना पुन्हा सभेत बोलवा आणि ती वही ऐका. सत्काराच्या दिवशी पेढ्यांनी तोंड गोड करण्याचा बेत आहे असे कळते, ते व्हावेच. परमेश्वर त्यांना शंभर वर्षे आयुष्य देवो, अंगात बळ देवो, आणि त्यांच्या जिभेची चव त्यांना परत देवो. परत आलेली पहिली चव कडू असो, आणि ती ओळखायला त्या दिवशी त्यांना माझी गरज न पडो.