आत्याच्या भुईमुगात रोग येऊ दे

मानकोलीच्या गोदामातल्या ऑफिसात होते तेव्हा बाबांचा फोन आला. "ताई गेली," एवढंच म्हणाले. मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला... मनात जे पहिलं आलं ते शेजारच्या टेबलावर सांगण्यासारखं नव्हतं. आत्याच्या भुईमुगात रोगट पानं टाकायची राहिली होती.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नोकरीची सगळी वर्षं तिनं एका कृषी संशोधन केंद्रात भुईमुगाच्या नव्या जाती तयार करण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर वडप्याला, आमच्या शेतजमिनीच्या उरलेल्या तुकड्यावर परतली. तीन बाजूंना गोदामांच्या पत्र्याच्या भिंती, मधे तिचा भुईमूग. तिला टिक्क्याला पुरून उरणारं झाड हवं होतं. टिक्का आला की पानांवर काळे ठिपके पडतात, पानं पिवळी होऊन गळतात आणि शेंगा पोचट राहतात. औषध फवारून तो आवरता येतो, पण तिला झाडाच्या जन्मातूनच आलेली ताकद हवी होती. म्हणून इकडची एक चवदार पण नाजूक जात आणि एक बारीक दाण्याची, जाड टरफलाची, पण टिक्क्याला दाद न देणारी जात, या दोघींचा तिनं संकर केला. संध्याकाळी शेतात चक्क आडवी पडून ती कळीतले पुंकेसर चिमट्यानं काढायची, सकाळी त्याच फुलाला दुसऱ्या जातीचे पराग लावायची आणि खुणेला दोरा बांधायची. दोरा नारपोलीच्या एका कापड कारखान्यातल्या लूमवरचा, उरलासुरला. कारखान्यातले चाचा विचारायचे, "दीदी, इस बार कौनसा रंग?" ती म्हणायची, "जो बारिश में भी ना छूटे."

संकराच्या पुढच्या पिढ्या पेरल्या की दर चार ओळींमागे एक ओळ रोगाला चटकन बळी पडणाऱ्या जातीची असायची. झाडं जरा मोठी झाली की त्या ओळीत वाळवून ठेवलेली रोगट पानं पसरायची. रोग बोलवायचा, मग कोण टिकतं ते बघायचं. शेजारचे बाळूकाका बांधावरून ओरडायचे, "ताई, लोकं रोग घालवतात, तू पेरतेस! डोकं ठिकाणावर हाय का न्हाय?"

"न्हाय," आत्या म्हणायची. "म्हणून तर बरं चाललंय."

मला ती 'मॅडम' म्हणायची, माझ्या इंग्लिश मीडियमवरून. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही हे तिला ठाऊक होतं, पण त्यावरून ती कधी टोचून बोलली नाही. "बोलू नकोस. पानं बघ," म्हणायची, आणि मी तासन्‌तास पानं बघायचे.

गेल्या वर्षी ऐन ठिपके दिसू लागायच्या वेळी आत्या हृदयाच्या दुखण्यानं इस्पितळात होती. ती घरी येईल तेव्हा तिला हिरवं शेत दिसावं म्हणून बाबांनी पंप आणून सगळीकडे औषध मारलं. आत्या आली, बांधावर बसली. सगळ्या ओळी सारख्याच हिरव्या. कोण स्वतःच्या बळावर उभं आहे आणि कोण औषधाच्या, हे कळायला काही मार्गच नव्हता.

"बघ ताई, एक पान गळू दिलं नाही," बाबा हसत म्हणाले.

तिनं एक पान उलटं करून बघितलं, मग म्हणाली, "सुऱ्या, पेपर न घेताच सगळ्या पोरांना पास केलंस रे."

रडली नाही, ओरडली नाही. झाडागणिक बी वेगळं ठेवलं आणि यंदा सगळं पुन्हा पेरलं. डॉक्टरांनी वाकू नका सांगितलं होतं, तर पाटावर बसून पेरलं. आजूबाजूच्या गावांतून रोगट पानं गोळा करून वाळवली, पोत्यात भरून ठेवली. पोतं उघडायच्या आधी ती गेली.

तेराव्याला बाबा म्हणाले, "ताईचं शेवटचं पीक आहे. नीट फवारू, शेंगा सगळ्यांना वाटू." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात माया होती आणि मायेला नाही म्हणणं फार कठीण असतं. मी पाण्याचे पेले फिरवत होते. ते खाली ठेवले.

"नाही," मी म्हटलं. आवाज चिरकला. "फवारायचं नाही. एक वर्ष तसंच गेलं बाबा. हेही गेलं तर तिच्या हातून काय झालं ते कधीच कळणार नाही."

"अगं, दिसायला वाईट दिसतं," काकू म्हणाल्या. "बाई गेली नि मागे शेताला रोग..."

"दिसू दे."

त्याच संध्याकाळी मी पोतं ओढत शेतात नेलं आणि ओळीओळीत पानं पसरली. मला आत्याची हिरवीगार आठवण नको आहे. ती गेली म्हणून तिचं काम देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहणं मला मान्य नाही. तिनं काही सिद्ध केलं की नाही, हे टिक्क्यानंच सांगावं. उत्तर 'नाही' आलं तरी चालेल, पण ते खरं हवं.

आता रोग भरात आहे. कितीतरी झाडांच्या नुसत्या काड्या उरल्या आहेत. रविवारी बाबा पहिल्यांदा माझ्याबरोबर शेतात आले. पिवळ्या ओळींमधे काही झाडं खालच्या पानापर्यंत हिरवी उभी होती. बाबा एकापाशी उकिडवे बसले आणि एकेक पान उलटं करून बघू लागले, आत्या बघायची तसं. शेंगा भरेपर्यंत ते झाड टिकेल का, मला ठाऊक नाही.

बांधावरून बाळूकाकांनी हाक मारली. "सुरेश, बहिणीचं पीक डोळ्यांदेखत मरतंय, नि तू बसून काय बघतोस?"

बाबांनी मान वर केली नाही. "मरायचं ते मरू दे," म्हणाले. "उरेल ते ताईचं."