पेले वाजले नाहीत

आधीच कबूल करते — या सदरात येणाऱ्या अनुभवांची मी आजवर यथेच्छ टिंगल केलेली आहे. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ते मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि त्यातल्या प्रत्येक पांढऱ्या साडीवालीची उलटतपासणी घ्यायची, हा माझा आवडता उद्योग. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली बाई. भिंतीला तडा गेला तर तो का गेला हे सांगायचा मला पगार मिळतो. त्यामुळे खाली लिहिलेलं वाचून तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही... आता माझा नंबर लागला, एवढंच.

मी मूळची सास्तूरची, लोहारा तालुका. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात माझा जन्म. म्हणजे भूकंप मी पाहिला नाही, पण भूकंप पाहिलेल्या आईच्या हाताखाली वाढले. आमचं पुनर्वसनातलं घर चांगलं भक्कम आहे. आई मात्र त्यात फक्त स्वयंपाक करायची. झोपायला अंगणातलं पत्र्याचं शेड... तीस वर्षं! उन्हाळ्यात पत्रा तापो, पावसात गळो, बाई हलायची नाही.

आणि उशाशी तिची 'राखण'. हा शब्द तिचाच. पितळी तांब्या, त्याच्यावर पालथी ताटली, ताटलीवर स्टीलचे दोन पेले एकमेकांना जेमतेम टेकलेले. जमीन जराशी हलली की पेले किणकिणतात आणि माणूस जागं होतं. भूकंपानंतर धक्के बसत होते तेव्हा बऱ्याच घरांत असं काहीतरी लावायचे म्हणे. बाकीच्यांनी कधीच सोडून दिलं, आईनं नाही. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला तरी ती उठून बसायची. तिला सलग तीन तास झोपलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

गेल्या वर्षी पप्पा वारले आणि चार महिन्यांनी मला धाराशिवला एका सरकारी बांधकाम कार्यालयात नोकरी लागली. मला भाऊ-बहीण कुणी नाही. सुरुवातीला मी सास्तूरहूनच अप-डाऊन करत होते. एक दिवस घरी आले तर आई खाटेवर पडलेली, कपाळाला हळद लावलेली. दुपारी चक्कर येऊन अंगणात पडली, ती शेजारणीला दिसेपर्यंत दोन तास उन्हातच होती. मी बादलीभर रडले आणि मग ठरवलं — नोकरी सोडायची नाही आणि आईलाही सोडायचं नाही. दोन्हीतलं एक निवड, असं सांगणाऱ्या नातेवाइकांचे फोन उचलणं मी बंद केलं.

"म्या सिलॅपखाली झोपणार न्हाय," आई म्हणाली.

"घर मी बघते. कॉलम बघते, बीम बघते. कच्चं काम मला लगेच कळतं."

"तू वरनं बगशील. मला खालनं बगायचंय."

शेवटी तह झाला. मी घर पसंत करायचं, आईनं तिथं राखण लावून तासभर बसायचं. पेले वाजले की घर रद्द... आणि पेले वाजले नाहीत तर तिनं एक शब्दही न बोलता सामान बांधायचं. तिनं 'व्हय' म्हटलं ते मी हरणार या खात्रीनंच.

लोक धाराशिवला घर बघायला गेले की पहिला प्रश्न विचारतात, पाणी किती दिवसाला येतं? आम्ही पिशवीतून तांब्या काढायचो. आमच्या ऑफिसचे ड्रायव्हर शेख मामू, त्यांना शहरातली गल्ली न् गल्ली ठाऊक. दर शनिवारी ते आम्हाला फिरवायचे. आईला फरशीवर टक लावून बसलेली बघून पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, अम्मा घर बघायला आल्यात का घराची परीक्षा घ्यायला?"

समता नगरात तिसऱ्या मजल्यावरचा सुंदर फ्लॅट होता. आईनं नुसता जिना बघितला आणि गाडीत जाऊन बसली. सांजा रोडला तळमजला मिळत होता, ऐसपैस. दहाव्या मिनिटाला वाळूचा टिप्पर गेला आणि पेले किणकिणले. बार्शी नाक्याच्या घरात मात्र अर्धा तास कसलाही आवाज नाही. मी मनातल्या मनात कपाट कुठं ठेवायचं तेही ठरवलं... तेवढ्यात लाईट आली. शेजारी पिठाची गिरणी होती, ती सुरू झाली आणि पेले ताटलीवर नाचायला लागले. आई माझ्याकडं बघून चक्क हसली. मला इतका राग आला की येताना मी तिच्याशी बोललेच नाही.

असे सहा शनिवार गेले. मी हट्टाला पेटले होते. सातव्या शनिवारी तांबरी विभागातल्या एका आतल्या गल्लीत गेलो. (घर नेमकं कुठलं ते सांगत नाही, मालकांना त्रास नको.) मालक अण्णा, रिटायर्ड पोस्टमास्तर, कपाळाला भस्म, वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. खालच्या दोन खोल्या रिकाम्या. माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटं. कॉलम जाड, स्लॅबला ओल नाही. पण गल्लीच्या तोंडाशीच एका इमारतीचं काम चाललेलं होतं आणि खडीच्या गाड्यांची रांग लागलेली. मी कपाळावर हात मारला.

"पाणी किती दिसाला येतं ते न इच्चारणारं बिऱ्हाड पैलंच बगतोय," अण्णा म्हणाले.

आईनं बाहेरच्या खोलीत खिडकीजवळचा कोपरा निवडला, राखण मांडली आणि भिंतीला टेकून बसली. दुपारचे बारा वाजले असतील. मी आणि अण्णा दारात बोलत उभे. पाचच मिनिटांत भरलेला टिप्पर गल्लीतून गेला. खिडकीच्या काचा थडथडल्या, दाराची कडी वाजली, माझ्या पायाखालची फरशीसुद्धा थरथरलेली मला कळली. झालं, म्हणत मी वळून बघितलं.

पेले गप्प होते... आणि आई आडवी झाली होती.

मला वाटलं चक्करच आली. पळत जाऊन बघते तर श्वास संथ, तोंड किंचित उघडं. आई झोपली होती. स्लॅबखाली, परक्याच्या घरात, भरदुपारी! त्या तासाभरात आणखी तीन गाड्या गेल्या. प्रत्येक वेळी काचा वाजल्या, पेले वाजले नाहीत. शेवटी मीच पिसाळल्यासारखी झाले. राखणीपासून हातभर अंतरावर दोन्ही पाय जुळवून उडी मारली. मग अण्णांकडचा भरलेला सिलिंडर मागून आणला आणि फरशीवर आपटला. स्वयंपाकघरातल्या रिकाम्या मांडणीनं आवाज केला, शेख मामू बाहेरून धावत आले, पण ताटलीवरचे पेले तसूभर हलले नाहीत. आईही उठली नाही.

सव्वातीनला ती आपोआप जागी झाली.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

तिनं बराच वेळ तोंडावरून हात फिरवला. "लई दिसांनी असं वाटलं बग... दुसरं कुणीतरी जागं हाय."

पुढच्या रविवारी आम्ही राहायला गेलो. तिनं शब्द पाळला. मला मात्र चैन पडेना. फोनमध्ये कंप मोजायचं ॲप असतं, ते मी घेतलं. गाडी गेली की खोलीत कुठंही फोन ठेवा, पडद्यावरची रेघ उसळायची. आई झोपलेली असताना तिच्या उशाशी ठेवला की सरळ. फोन बिघडलाय म्हणून शेख मामूंचा आणला, तोही तसाच. फरशी ठोकून पाहिली, खाली पोकळी नाही. पाया किती खोल, भराव कसला, सगळं अण्णांकडून खोदून खोदून विचारलं. काही निघालं नाही. आई माहेरी परंड्याला चार दिवस गेली, तेव्हा तोच कोपरा, तीच राखण, तेच पेले... आणि पहिल्याच गाडीला किणकिणाट! आई परतली, झोपली, पुन्हा शांत. म्हणजे जागेचा गुण म्हणावं तर तो आई असतानाच, आणि आईचा म्हणावा तर त्याच कोपऱ्यात. त्या दिवशी मात्र मी थोडी घाबरले, खोटं कशाला बोलू.

मग दिवाळीनंतरची ती दुपार आली. तीन वाजून गेले असतील. मी टेबलावर नकाशा पसरून बसले होते. आधी वाटलं कुणी टेबल ओढलं. मग ट्यूबलाईट झुलायला लागली आणि कुणीतरी ओरडलं, "भूकंप!" आम्ही सगळे मैदानात. धक्का काही सेकंदांचाच होता, पुढं कुठं मोठं नुकसानही ऐकलं नाही. पण माझ्या डोळ्यासमोर एकच — आई एकटी आहे, आणि स्लॅबखाली मी तिला आणून ठेवलीय. स्वतःच्या हट्टानं! मामूंची गाडी काढायलाही थांबले नाही, पळतच सुटले.

आमच्या गल्लीत सगळे घराबाहेर. अण्णा उघड्या अंगानं रस्त्यात उभे.

"आई कुठंय?"

"आत हाईत. दोन-तीन हाका मारल्या, उठल्याच न्हाईत. मॅडम, आत जाऊ नका, परत बसतोय धक्का—"

मी त्यांना ढकलूनच आत गेले. स्वयंपाकघरातली मांडणी रिकामी झालेली, डबे जमिनीवर, तूरडाळ सांडलेली. भिंतीवरचा पप्पांचा फोटो वाकडा. आणि कोपऱ्यात आई कुशीवर झोपलेली, हात उशीखाली. उशाशी तांब्या, तांब्यावर ताटली, ताटलीवर दोन पेले. एकमेकांना जेमतेम टेकलेले.

मी तिला गदागदा हलवलं. ती उठून बसली. "आज इतक्या लवकर सुटलं व्हय हाफिस?"

"आई, भूकंप झाला! चल बाहेर!"

तिनं सांडलेली डाळ बघितली, फोटो बघितला. मग राखणीकडं बघितलं. आणि मग माझ्याकडं.

"आन् तू आत आलीस?"

"मग काय बाहेर उभी राहू? तू आत होतीस ना!"

आईचा चेहरा असा झाला की मी बाहेर पळायचं विसरले. "म्या न्हाय गेले गं," ती म्हणाली. "रत्ना आत हुती. म्या न्हाय गेले."

रत्ना पप्पांची धाकटी बहीण, भूकंपात गेली, एवढंच मला माहीत होतं. तिच्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही.

"तुजे पप्पा गणपती बुडवायला गेलते. पोर माज्याजवळ झोपली हुती, बारा वर्साची. जमीन गुरगुरली तशी म्या पळाले. आंगणात आल्यावर ध्यानात आलं, ती आतच हाय. 'वैनी' म्हून हाक मारली तिनं. दोन डाव मारली. म्या दाराकडं बगत हुबी. पाऊल उचललं न्हाय. मग भित पडली."

मी तिचा हात घट्ट धरला. बाहेरून अण्णा ओरडत होते.

"लोकास्नी वाटतं, म्या पळायला राखण लावते," आई म्हणाली. "म्या आत जायला लावत हुते. परत हाक आली तर झोपेत ऱ्हायला नगं म्हून."

आजवर मी तिला भित्री समजत होते. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली. मी तिला उठवून बाहेर आणलं, रस्त्यात अण्णांच्या खुर्चीवर बसवलं. तिथं ती लहान पोरीसारखी रडली आणि मी तिला रडू दिलं. अंधार पडायच्या आत घरात गेलो. थोड्या वेळानं मी विचारलं, "आई, पेले कुणी धरले होते?"

"म्या झोपले हुते, मला काय म्हाईत?" ती म्हणाली आणि डाळ निवडायला बसली.

मलाही माहीत नाही. मी मोजमाप केलं, दोन इंजिनिअरांना विचारलं, एकानं मला सुट्टी घ्यायचा सल्ला दिला. रत्ना असेल, असं मी म्हणणार नाही; मला तसं म्हणायला पुरावा नाही. नसेल, असं म्हणायलाही आता जीभ रेटत नाही.

गेल्या महिन्यात मला सरकारी क्वार्टर मिळालं. ऑफिसच्या अगदी मागं, नवीन बांधकाम, चोवीस तास पाणी. ऑफिसातल्या लोकांना हेवा वाटला. मी नकाराचा अर्ज भरून साहेबांकडं नेला. त्यांनी चष्मा वर केला आणि कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंय? हे कारण चालत नाही मॅडम. बदला."

"चालवून घ्या सर. खरं तेच लिहिलंय."

त्यांनी पुन्हा वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि सही केली. मी लिहिलं होतं — आईला आहे त्या घरी झोप लागते.