शेडला बांधलेली झोळी
तापलेल्या पत्र्याचा वास आला की मला बजाजनगरमधल्या आमच्या अंगणातली ती दुपार आठवते. सावलीसाठी वडिलांनी पत्र्याचं शेड उभं केलं होतं, पण ‘नवी फरशी फोडायची नाय’ म्हणून खांब तेलाच्या डब्यांत सिमेंट भरून रोवले आणि धुळीचा वारा अडवायला पश्चिमेकडून हिरवी जाळी घट्ट ताणली. बहिणीनं शेडच्या आडव्या पाइपला साडीची झोळी बांधून तान्ह्या लेकाला निजवलं होतं. वडील आणि मी गेटजवळ पाठमोरे बसून स्कूटर पुसत होतो. अचानक वावटळ आली, वळून बघतो तर जाळी फुगलेली, आणि अख्खं शेड डब्यांसकट उचललं गेलं. पाइपला लोंबणारी ती झोळी आमच्या डोळ्यांदेखत कंपाउंडपलीकडं गेली. वडील अनवाणीच भिंतीकडं धावले. तेवढ्यात दारातून बहीण आली, कडेवर बाळ. तिनं वडिलांना विचारलं, ‘अण्णा, कशाचा आवाज झाला ओ? आत्ताच याला दूध पाजायला आत नेलं होतं.’ वडील तिथंच मटकन बसले. भाचा आता कॉलेजात जातो, पण जोराचा वारा सुटला की मी अजूनही त्याला फोन लावतो आणि एवढंच विचारतो, ‘कुठं आहेस?’