टँकरच्या वहीतली सही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. गावात माझ्याबद्दल बरंच बोललं जातं — तापट आहे, सौद्यात कुणाचं ऐकत नाही — पण ही गोष्ट त्यात नाही. ती कुणाला ठाऊकच नाही. म्हणून तर मी अजून कडक इस्त्रीचे कपडे घालून कड्याच्या गुरांच्या बाजारात फिरतो.

आबा, म्हणजे माझे वडील, एकाहत्तरच्या लढाईत होते. उजव्या हाताची दोन बोटं तिकडंच राहिली. नाईक म्हणून घरी आले, गाव त्यांना मेजर म्हणायचं. लढाईचं ते कधी बोलले नाहीत. उरलेल्या बोटांत पेन धरून सही करायला त्यांना मिनिटभर लागायचं. ती वाकडी सही दुसऱ्या कुणाला जमलीच नसती.

माझा त्यांच्यावर राग होता. मी भरतीला गेलो तेव्हा छाती अर्धा इंच कमी भरली. माप घेणारा सुभेदार आबांच्याच पलटणीतला. आबा शेजारी उभे. एक शब्द टाकला असता तर? नाही टाकला. "मापात न्हाई तर न्हाई," एवढंच म्हणाले, आणि आम्ही एसटीनं परत आलो. मग मी एक गाय आणली. बाजारात दिवस दिवस घासाघीस करून एकीच्या आठ केल्या. दूध संस्थेचा चेअरमन झालो. आणि प्रत्येक पायरीवर मनात एकच — आबा, हे तुमच्याशिवाय केलं. वीस वर्षं मी तो राग गाईसारखा पोसला.

मग ते साल आलं. सलग तिसऱ्या वर्षी पाऊस नाही. टँकरच्या दिवसाला दोन खेपा. आमच्याकडे रांगेत माणसं नाही, भांडी उभी राहायची. बाया पहाटे हंडे-घागरी लावून रोजगार हमीच्या कामावर जायच्या, आणि मागं ती रांग आबा राखायचे. सरपंचाच्या घरचा हंडा पुढं घुसवला तर तो उचलून त्यांनी शेवटी नेऊन ठेवला होता. म्हणूनच टँकरची वही गावानं त्यांच्याकडं दिली. खेप आली की सही.

माझ्या गाई आटत होत्या. सरकारी चारा छावणीत नेल्या असत्या तर जगल्या असत्या, पण चेअरमनच्याच गाई छावणीत? माझ्यानं ते होईना. मी ड्रायव्हरशी बोललो. दुसरी खेप गावात न येता माझ्या मळ्यातल्या हौदात. अडचण एकच — सही.

मी आबांना म्हणालो, "तुम्हाला सहीला वेळ लागतो, ड्रायव्हर खोळंबतो. पुढच्या सह्या आत्ताच करून ठेवा."

"कोऱ्या पानावर कशापायी?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू म्हणतूस तर करतो." आणि चष्मा पुसून बसले. अख्खं पान भरायला त्यांना किती वेळ लागला असेल? मी शेजारी उभा राहून बघत होतो. मग वही ड्रायव्हरकडंच राहू लागली, खेपा तोच लिहायचा.

दुसरी खेप का येत नाही, तर भरायच्या ठिकाणी लाईट नाही — ड्रायव्हर सांगायचा, आबा ते गावाला सांगायचे. पंधरा-सोळा दिवस. मग बायांनी तहसीलला तक्रार केली, साहेब आले, देवळासमोर सभा भरली, वही उघडली. रोज दोन खेपा. रोज दोन सह्या.

"ही सही तुमची?"

आबांनी पान निरखलं. मग एकदा — एकदाच — माझ्याकडं पाहिलं.

"सही माझी हाय."

"मग पाणी कुठं गेलं?"

आबांनी वही मिटून साहेबांपुढं सरकवली. मागून एक म्हातारी म्हणाली, "मेजर, आमच्या घागरी राखीत व्हता का इकीत व्हता?" लोक हसले.

दुधाच्या फॅटवरून टेबल उलथवणारा मी — तेव्हा उठलो, पण कशासाठी? हात जोडून म्हणालो, "त्यांचं वय झालंय. जाऊ द्या आता. आठवडाभर एक टँकर मी माझ्या पदरचा देतो." मी बापाचाही सौदाच केला. लोकांनी माझी पाठ थोपटली. पुढची निवडणूक बिनविरोध झाली.

वही दुसऱ्याकडं गेली. आबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून त्यांनी चहात दूध घेणं सोडलं. दावणीला आठ गाई, आणि ते कोरा चहा प्यायचे. बायकोला वाटायचं, पोटाचं दुखणं. मला माहीत होतं. मी रोज समोर बसून दुधाचा चहा प्यायलो — दोन वर्षं.

ते गेले. दहाव्याला नदीवर पुढाऱ्यांची भाषणं झाली. एक जण लढाईबद्दल बोलला, शिस्तीबद्दल बोलला, आणि शेवटी मोठ्या मनानं म्हणाला, "दुष्काळात मेजरच्या हातून एक चूक झाली, पण गावानं ती पोटात घातली."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी मुंडण केलेलं डोकं खाली घातलं आणि होकारार्थी हलवलं.