अल ऐन: पाचवी पोहोचेपर्यंत

अल ऐनला जायचं हे शुक्रवारी संध्याकाळी ठरलं. इराने धावण्याचे बूट धुऊन बाल्कनीत ठेवले. तेवढ्यावरून मला कळलं.

इरा माझी मुलगी. दोन वर्षांच्या डिप्लोमा कॉलेजात शिकते आणि तिथल्या क्रॉसकंट्री संघात धावते. संघात पाचच मुली. आंतरकॉलेज लीगचा नियम असा की पाचही जणी पोहोचल्या तर संघाला गुण. चारच आल्या तर संघ धरतच नाहीत. मागच्या दोन्ही शर्यती इराने अर्ध्यात सोडल्या होत्या. तिसऱ्यांदा तसं झालं तर कॉलेज लीगमधून बाहेर.

शनिवारी पहाटे पाचला दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधून निघालो. अल ऐनचा रस्ता सरळ आहे, सव्वा तास लागतो. दोन्ही बाजूंना कुंपण, कुंपणापलीकडे उंट, वाळू हळूहळू तांबूस होत जाते. अबू धाबीची हद्द लागली की पाटीवर लिहिलेला वेग तोच खरा, दुबईसारखी वर वीस किलोमीटरची सूट नाही. वाटेत पेट्रोल पंपावर कडक चहा घेतला. दोन दिरहम, म्हणजे जवळजवळ पन्नास रुपये.

"काही खातेस?"

"मॉम, प्लीज. नॉट नाऊ."

शर्यत जबल हफीत डोंगराच्या पायथ्याशी, ग्रीन मुबज्जरा बागेच्या हिरवळीवर होती. हिवाळ्यात तिथे सकाळी स्वेटर लागतो. प्रवेश फुकट, चटई मात्र घरून न्या, गवत ओलं असतं. मागे उघडा, तपकिरी डोंगर. झाड नाही.

कोच दळवी सर मूळचे रत्नागिरीचे. आठवडाभर जबल अलीच्या गोदामात सुपरवायझर, शनिवार-रविवार कोच. त्यांनी मला बाजूला घेतलं. "ताई, शेवटच्या वळणावर उभ्या राहू नका. आई दिसली की पोरी ढिल्या पडतात." मग इराकडे वळले. "फास्ट नको, फिनिश पाहिजे. पन्नासावी आलीस तरी चालेल."

"सर, देअर आर ओन्ली फॉर्टी."

"मग अजून सोपं. यल्ला, पळ!"

मी त्याच वळणावर जाऊन उभी राहिले.

एकेक करत आमच्या चौघी गेल्या. बराच वेळ कोणी आलं नाही. मग इरा आली, सगळ्यांच्या मागे. मला पाहिलं आणि गवतावर गुडघे टेकून बसली. पाण्याची बाटली घेऊन मी मार्गालगतच्या फितीखालून आत गेले.

"ताई! हात लावू नका!" दळवी सर लांबून ओरडले. "धरलंत की ती बाद, टीम बाद, खलास!"

मी थांबले. आमच्यात दोन हातांचं अंतर होतं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मॉम, आय कान्ट."

मागच्या दोन्ही वेळा ती अशी बसली तेव्हा मी "राहू दे, चल घरी" म्हटलं होतं. लगेच, तिने विचारायच्या आत. या वेळी बाटली पाठीमागे धरली.

"से समथिंग!"

"चारशे मीटर उरलेत," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. एक हात जमिनीवर टेकला, उठली, दहा पावलं चालली, मग धावू लागली. मी फितीबाहेर आले. 

वाटेत दोघींनी शर्यत सोडली होती, म्हणून शेवटची येऊनही ती अडतिसावी आली. रेषेपलीकडे चौघी तिच्या नावाने ओरडत होत्या. गुणफलकावर संघ खालून दुसरा लागला, पण लागला. दळवी सर टोपी काढून गवतावरच बसले. "अल्हम्दुलिल्ला. बघा ताई, केस असेच गेले माझे."

जवळच गरम पाण्याचे पाट आहेत, त्यांत पाय सोडून बसता येतं. पाचही जणी तासभर तिथून हलल्या नाहीत. मग गावात आम्ही दोघींनी मंदी, म्हणजे मटण घातलेला अरबी भात, खाल्ला. पस्तीस दिरहम, म्हणजे साडेआठशे रुपये. भात उरला, बांधून घेतला. परतीच्या वाटेवर इरा झोपली.

अल ऐनला एका दिवसात जाऊन येता येतं. किल्ला, खजुराच्या बागा, म्युझियम यांतलं आम्ही काहीच पाहिलं नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही. मला ते वळण तेवढं नीट आठवतं, आणि "चल घरी" म्हटलं नाही याचं हायसं वाटतं.

घरी पोहोचलो. पार्किंगमध्ये दार उघडलं तर इराचे पाय आखडलेले, उतरता येईना. मी गाडीला वळसा घालून तिच्याजवळ आले आणि नुसतीच उभी राहिले.

"मॉम, रेस इज ओव्हर," ती म्हणाली. मग मराठीत, "हात दे ना."